आधी गुन्हा, मग भूत: कमी पैशांत भयकथेचा एक भाग कसा करावा

भयकथांच्या मालिकेत दर भागाला नवी गोष्ट, नवी माणसं आणि नवी जागा असते. ऐकायला छान वाटतं, पण निर्मितीच्या हिशेबात हेच सगळ्यात महाग पडतं. कौटुंबिक मालिकेत एकदा उभा केलेला सेट शेकडो भाग चालतो. इथे शूटिंग आटोपलं की सगळं मोडायचं आणि पुढच्या भागाला शून्यापासून सुरुवात. त्यातून तुम्ही नवखे असाल आणि पदरमोड करून नमुना भाग बनवत असाल, तर हातात फारच थोडं असतं.

अशा वेळी बहुतेक जण मेकअप, रक्त आणि कॉम्प्युटरवरचं भूत यांच्यामागे लागतात आणि तिथेच पैसे संपवतात. मी म्हणेन, गोष्ट न्वारच्या, म्हणजे अंधाऱ्या गुन्हेगारी चित्रपटांच्या अंगाने न्या. लोभ, खोटेपणा, रात्र, एक बंद खोली आणि आपण काय केलंय हे पुरतं ठाऊक असलेला माणूस. त्याच्या मनातली टोचणी पडद्यावर आणायला खर्च येत नाही. भूत शेवटी येतं ते फक्त वसुलीला.

भयपट आणि न्वार हे तसेही शेजारीच. १९४२ साली हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओत निर्माता व्हॅल ल्यूटनने तुटपुंज्या बजेटात 'कॅट पीपल' काढला. दिग्दर्शक जाक टूर्नर, कॅमेऱ्यावर निकोलस मुसुराका. त्यात श्वापद जेमतेम दिसतं. बाकी सगळं काम सावल्या आणि आवाज करतात. याच दिग्दर्शक-कॅमेरामन जोडीने १९४७ मध्ये 'आउट ऑफ द पास्ट' केला आणि तो न्वारच्या उत्तम नमुन्यांत गणला जातो. सावली टाकायची रीत दोन्हीकडे तीच आहे. एकदा ती हातात बसली की दोन्ही प्रकार जमतात.

गोष्ट

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एक गोष्ट धरून चालू. खोटे दाखले करून देणारा एक माणूस. त्याची खोली, टेबल, टाइपरायटर, शिक्क्यांचा डबा. रात्री एक बाई येते. तिला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवाय. तो सवयीने विचारतो, "कधी गेले?" ती म्हणते, "तारीख उद्याची घाला." तो क्षणभर थांबतो आणि दुप्पट पैसे मागतो.

गुन्हा इथे झाला. खून दाखवायची गरजच उरली नाही, म्हणजे खुनाची जागा, रक्त, मारामारी हा सगळा खर्च वाचला.

दोन-तीन रात्रींनी एक माणूस येऊन समोरच्या खुर्चीत बसतो. तो त्या बाईचा नवरा. खून ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा झालेला असतो. मधला अख्खा दिवस तो जिवंत होता, पण कागदावर मेलेला. कुणी त्याच्या हाकेला ओ दिली नाही, कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याला ना सूड हवाय, ना पैसे. "माझा एक दिवस परत द्या," एवढंच. दाखलेवाला घाबरून तारीख खोडतो आणि नवी टाइप करतो. सकाळी त्याची मदतनीस येते, दाखलेवाल्याच्या खुर्चीकडे बघते, टेबलावरचा दिवा मालवते आणि कामाला लागते. तो त्याच खुर्चीत बसलेला असतो, पण तिला दिसत नाही.

तुमची गोष्ट अर्थातच वेगळी असेल, पण तिची तपासणी याच अंगाने करा. पाप म्हणजे पात्राने आपल्या डोळ्यांदेखत घेतलेला निर्णय आहे का? "पूर्वी कधीतरी त्याने एकाला फसवलं होतं" अशा बातमीवजा पापाने प्रेक्षकाला काही वाटत नाही; दुप्पट पैसे मागतानाचा तो थांबा मात्र वाटतो. भुताची मागणी नेमकी आहे का? "मला न्याय हवा" म्हणणारं भूत कुठल्याही गोष्टीत चालतं, म्हणून ते टाकाऊ. आणि शिक्षा गुन्ह्याच्याच कापडातून बेतलेली आहे का? कागदाने माणूस मारणाऱ्यावर छत कोसळलं तर तो अपघात झाला.

शेवटाची पेरणी पहिल्या पाच मिनिटांत करा. मदतनीस रोज सकाळी आल्या आल्या दिवा मालवते आणि "रात्रभर जळत ठेवता" म्हणून मालकाला चार शब्द सुनावते, हे सुरुवातीला दिसलं पाहिजे. तरच शेवटी ती काही न बोलता दिवा मालवते तेव्हा पोटात गोळा येतो. सगळं स्वप्न होतं असा शेवट सुचला तर संहिता महिनाभर कपाटात ठेवा.

संहिता

टीव्हीवरच्या अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की साधारण २२ मिनिटं उरतात. प्रचलित साच्यातलं एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट, असा ढोबळ हिशेब असतो. भयकथेत तो फसतो. "तो अंधारात जिना उतरतो" हे कागदावर एक ओळ असतं आणि पडद्यावर पाऊण मिनिट खातं. म्हणून पानं १८-१९ वर थांबवा.

मुख्य जागा एक, तिला लागून एखादा बोळ किंवा जिना, आणि बोलणारी पात्रं चारच्या आत. जाहिरातीचा ब्रेक जिथे येईल तिथे प्रश्न उघडा ठेवा, किंचाळी नको. किंचाळीवर ब्रेक घेतला की परत आल्यावर ते मांजर होतं असं निघतं, आणि प्रेक्षक दुसऱ्यांदा फसत नाही.

निवेदन हा न्वारचा जुना आधार आहे आणि गरिबाचाही. न चित्रित केलेला प्रसंग निवेदनातल्या दोन वाक्यांत उरकता येतो, संकलनात पडलेलं भगदाडही बुजवता येतं. पण पडद्यावर दिसतंय तेच निवेदकाने बोलायचं नाही. तो लपवतोय ते त्याच्या आवाजातून निसटलं पाहिजे. दाखलेवाला सांगतो, "त्या बाईचा चेहरा आता आठवतही नाही," आणि आपण तिचा चेहरा जवळून, गरजेपेक्षा दोन सेकंद जास्त बघत राहतो. निवेदक खोटं बोलतोय हे प्रेक्षकाला कळलं की तो गोष्टीत अडकलाच.

जागा

जागा बघायला दिवसा जा आणि रात्रीही. मधोमध उभं राहून पाच मिनिटं डोळे मिटून ऐका: लिफ्ट, पंप, रस्ता, शेजारचा टीव्ही. डोळ्यांना आवडलेली जागा कानांनी नापास केली तर सोडून द्या. विजेचे बोर्ड कुठे आहेत आणि किती भार सोसतात ते जागेच्या मालकाला विचारा, आणि परवानगी लेखी घ्या.

भिंतींचा रंग फार महत्त्वाचा. पांढऱ्या भिंती अंधार होऊच देत नाहीत. एक दिवा लावला तरी उजेड चहूकडून उसळून परत येतो. गडद भिंतींची खोली मिळाली तर उत्तम, नाहीतर फ्रेमबाहेरच्या भिंतींवर काळा कपडा सोडा. खोलीला खोली हवी, म्हणजे टेबलामागे दार, दारामागे बोळ. भयकथेत माणसाच्या पाठीमागची जागा हे एक पात्र असतं.

खिडक्या बाहेरून काळ्या कापडाने झाकल्या की दिवसाही रात्रीचे प्रसंग घेता येतात. माझ्या मते नवख्या टीमने हेच करावं. सलग रात्रपाळ्यांत तिसऱ्या रात्री माणसं चुका करतात आणि मग वाद घालतात.

रस्ता हवाच असेल तर धूर. दिग्दर्शक एडगर उल्मरच्या 'डीटूर' या न्वारपटात (१९४५) न्यू यॉर्कचे रस्ते उभे करायला पैसे नव्हते, तेव्हा धुकं सोडून त्यात दोघांना चालवलं आणि मध्येमध्ये रस्त्यांच्या नावांच्या पाट्या दाखवल्या. आजही हे चालतं.

दिवे

इथे घाई करू नका, भागाचा चेहरा इथेच ठरतो.

पहिला गैरसमज काढून टाका: अंधार दाखवायचा म्हणजे कमी उजेडात चित्रीकरण करायचं असं नाही. अपुऱ्या उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) चढवून घेतलेलं चित्र काळं होत नाही, करडं आणि दाणेदार होतं. चेहऱ्याच्या उजळ बाजूला भरपूर उजेड द्या आणि बाकीच्या जागेला तो मिळू देऊ नका. अंधार हा दोन भागांतल्या फरकातून येतो.

तो फरक पाडायला अंतर वापरा. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश होतो. दिवा दाखलेवाल्याच्या चेहऱ्यापासून एक मीटरवर आणि मागची भिंत दिव्यापासून चार मीटरवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या सोळाव्या हिश्शाएवढाच उजेड मिळतो. भिंत आपोआप काळवंडते. हाच दिवा चार मीटर मागे नेला तर चेहरा आणि भिंत यांतला फरक फारच कमी होतो आणि रात्र संपते. नवखी मंडळी दिवा कोपऱ्यात ढकलतात आणि मग खोली का उजळली म्हणून डोकं खाजवतात.

आता खिडकीच्या पट्ट्यांची सावली. न्वार म्हटलं की सगळ्यांना तीच हवी असते. खरे ब्लाइंड्स लागत नाहीत. जाड पुठ्ठ्यात समांतर फटी कापल्या की झालं. पण पुठ्ठा एलईडी पॅनेलसमोर धरला तर भिंतीवर नुसता पांढुरका डाग येतो. कारण पॅनेल मोठं असतं. धारदार सावलीला प्रकाशाचा उगम छोटा लागतो: एका बिंदूतून पेटणारा दिवा, पुढची उजेड पसरवणारी काच किंवा कापड (डिफ्यूजर) काढलेला. चांगली टॉर्चसुद्धा चालते. दिवा लांब न्या आणि पुठ्ठा भिंतीकडे सरकवा, पट्ट्या रेखीव होतात. पुठ्ठा दिव्याजवळ आणला की पट्ट्या फुगतात आणि पुसट होतात. सावली दोन-दोनदा दिसत असेल तर दिव्यात एकापेक्षा जास्त एलईडी आहेत, दुसरा दिवा घ्या. या पट्ट्या एका भागात एकाच प्रसंगाला वापरा. आमच्या गोष्टीत मी पट्ट्या बाई आत येते तेव्हा ठेवेन आणि नवरा येतो तेव्हा मुद्दाम काढून टाकेन.

एका दिव्यावर प्रसंग उभा करायला शिका. मग चेहऱ्याची अंधारी बाजू मागच्या अंधारात विरघळत असेल तर खांद्याच्या मागून उजेडाची एक बारीक कडा द्या. उजेड फार कडक वाटला तर दिव्याच्या विरुद्ध बाजूला पांढरा थर्माकोल धरा. अजून काळं हवं असेल तर थर्माकोलऐवजी काळं कापड. नजरेत जीव यायला डोळ्यांत एक ठिपका चमकला पाहिजे. नवऱ्याच्या डोळ्यांत तो येऊ देऊ नका. मेकअपशिवाय एवढा एकच फरक पुरतो.

टेबललॅम्प, बोळातला बल्ब असे चित्रात दिसणारे दिवे प्रसंगाला खरेपणा देतात. ते डिमरवर, म्हणजे उजेड कमीजास्त करणाऱ्या बटणावर ठेवा. स्वस्त एलईडी डिमरवर लुकलुकतात, म्हणून आधी कॅमेऱ्यात तपासा. वीज ५० हर्ट्झची असेल तर सेकंदाला २५ फ्रेम्स घेताना शटर १/५० सेकंद ठेवा. ६० हर्ट्झ असेल तर १/६०.

रंगीत की कृष्णधवल

कृष्णधवलचा मोह होतोच आणि कमी पैशांत त्याचे फायदेही आहेत. न जुळणारे दिव्यांचे रंग लपतात, भिंतींचा भडकपणा जातो. रक्ताची तर चैनच. १९६० च्या 'सायको'त हिचकॉकने आपल्या टीव्ही मालिकेची माणसं घेऊन काम केलं आणि न्हाणीघरातल्या प्रसंगात रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं.

पण वाहिनी किंवा प्लॅटफॉर्म कृष्णधवल भाग घेईल का, हे आधी विचारा. घेणार असतील तरी चित्रीकरण रंगीतच करा, मॉनिटर मात्र कृष्णधवल ठेवा. लाल साडी आणि हिरवी भिंत डोळ्यांना वेगळी दिसतात, पण करड्यात उतरल्यावर एकमेकांत मिसळू शकतात. कपडे आणि भिंत यांची परीक्षा फोनच्या कॅमेऱ्यावरसुद्धा होते. रंगीत फुटेज हातात असलं की संकलनानंतरही खेळता येतं: लाल चॅनेल (चित्रातला लाल रंगाचा घटक) वाढवला की त्वचा उजळ आणि नितळ होते, निळा वाढवला की काळवंडते, डाग उठून दिसतात. जिवंत बाईला पहिलं, मेलेल्या नवऱ्याला दुसरं.

नट

नटांना घाबरायला सांगू नका, काहीतरी करायला द्या. नवरा बोलत असताना दाखलेवाला शिक्के रांगेत लावतोय, एक शिक्का पुन्हा पुन्हा आडवा पडतोय. भीती हातांत दिसते. नवऱ्याने आवाज चढवायचा नाही. सरकारी कचेरीत रांगेत उभा राहून आपली पाळी आलेल्या माणसासारखा तो नम्र असला पाहिजे.

शेवटचा प्रसंग सगळा मदतनिसेच्या नजरेवर आहे. समोर बसलेल्या माणसाकडे न बघणं आणि तिथे कुणी नसल्यासारखं बघणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न बघणारी नटी नजर टाळते, आणि ते लगेच कळतं. तिला दाखलेवाल्याच्या छातीच्या आरपार, मागे भिंतीवर चिकटवलेल्या कागदाच्या तुकड्यावर नजर रोखायला सांगा. डोळ्यांचा फोकस त्याच्या पलीकडे गेला की तो माणूस प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो. तालमीत आधी रिकाम्या खुर्चीसमोर करून घ्या, मग नटाला बसवा आणि तिची लय तीच राहते का बघा. पाच पैशांचाही खर्च नाही, पण तालमीला एक दुपार द्यावी लागेल.

चित्रीकरणाचे दिवस

दिवसाला चार-पाच पानं धरा. वेळ कॅमेऱ्यापेक्षा दिवे बदलण्यात जातो, म्हणून एका दिशेने बघणारे, सगळ्या प्रसंगांमधले शॉट एकत्र उरका, मग कॅमेरा फिरवा. यात कंटिन्युटीची, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्यात तसंच राहण्याची कसोटी लागते: टेबलावरचे कागद, मेणबत्तीची उंची, खोलीतल्या धुराचं प्रमाण. धूर दोन शॉटमध्ये कमीजास्त झाला की कट केल्यावर डोळ्यांत खुपतो. धूर सोडण्याआधी जागेतला आगीचा अलार्म कुणाच्या अखत्यारीत आहे ते विचारून घ्या.

अंधाऱ्या सेटवर माणसं पडतात. तारा जमिनीला चिकटवा, पायऱ्यांच्या कडेला फ्रेमबाहेर चमकती पट्टी लावा. खोटं पिस्तूल उघड्यावर काढायचं असेल तर पोलिसांना आधी कळवा. त्याहून बरं म्हणजे पिस्तूल गोष्टीतून काढूनच टाका.

आवाज

पैसे उरले असतील तर ते इथे घाला. चित्र थोडं कच्चं असलं तरी प्रेक्षक ती शैली समजतो. संवाद घुमला तर मात्र चॅनेल बदलतो.

माइक नटाच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. पंखे, एसी, फ्रिज बंद. फ्रिज बंद केलात की गाडीची किल्ली त्याच्यातच ठेवा, म्हणजे तो चालू केल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही. ध्वनीमुद्रकांची ही युक्ती जुनी आणि बिनतोड आहे. प्रत्येक जागेत सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड करा. संकलनात संवादांमधल्या फटी भरायला तीच लागते.

टाइपरायटरचा आवाज वेगळा, जवळून रेकॉर्ड करा: एकेक कळ, ओळ संपल्याची घंटी, कागद ओढल्याची खरखर. हा भाग त्याच आवाजावर चालणार आहे. नवरा येतो तेव्हा संगीत नको. बोळातला गुणगुणणारा बल्ब, जो आतापर्यंत कुणाच्या लक्षातही आला नव्हता, तो बंद करा. एखादा सतत असलेला आवाज थांबला की अंगावर काटा येतो. हाड मोडायचं असेल तर सेलरीचे देठ माइकजवळ मोडा. फोनवरचा आवाज हवा असेल तर ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३४०० च्या वरचं कापून टाका. निवेदन कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर बसून घ्या, घुमत नाही.

संकलन आणि सोपवणी

दचकवणं कसं रचतात ते 'कॅट पीपल'मधल्याच एका प्रसंगात बघा. एक बाई रात्री एकटी चालतेय, मागून पावलं, मग पावलंही थांबतात. शांतता ताणली जाते आणि अचानक फ्रेमच्या कडेने फुत्कारत घुसते ती साधी बस. संकलक मार्क रॉबसनचं हे काम. त्या पद्धतीला अजून 'बस'च म्हणतात. खरी करामत बसच्या आधीच्या शांततेत आहे. एका भागात असा एकच दचका ठेवा आणि तो मधल्या ब्रेकच्या आधी खर्चून टाका. शेवटाला तो नको, तिथे नुसता दिवा मालवायचा आहे.

रंगसंस्कार अंधाऱ्या खोलीत करतात, पण लोक टीव्ही उजेडात बघतात. तयार भाग साध्या टीव्हीवर, दिवे लावून, खिडकी उघडी ठेवून बघा. नवऱ्याचा चेहरा काळ्या डागात गेला असेल तर सावल्या थोड्या वर उचला. गडद भिंतींवर पट्टे पट्टे दिसत असतील तर ते कॉम्प्रेशनचं, म्हणजे फाइल दाबून लहान करण्याचं काम. चित्रावर हलकासा दाणा घातला की बहुतेक वेळा जातात.

आवाजाची पातळी ज्याला भाग द्यायचाय त्याच्या नियमावलीप्रमाणे ठेवा. युरोपीय प्रसारणात सरासरी उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) लागते, अमेरिकेत उणे २४. भयकथेत कुजबुज आणि किंकाळी यांत फार अंतर असतं, त्यामुळे मोजणी पूर्ण भागाची करा. संगीत उसनं घेतलं असेल तर त्याची लेखी परवानगी फाइलला जोडा.

मालिकेला सूत्रधार असेल तर त्याचे सगळ्या भागांचे तुकडे एकाच दिवशी, एकाच खुर्चीत चित्रित करून ठेवा आणि ते भाग पुरे झाल्यावरच लिहा. भागात राहिलेली एखादी उणीव त्याच्या दोन वाक्यांत झाकता येते. शेवटी शीर्षक आणि अक्षरं नसलेली स्वच्छ प्रत, आणि संवाद, संगीत, इफेक्ट्स यांचे वेगळे ट्रॅक दोन ड्राइव्हवर ठेवा. दुसऱ्या भाषेत डबिंगची विचारणा आली की पहिल्यांदा तेच मागतात.